मोहाची फुलं आणि छप्पन्न अंश

गेल्या आषाढात कासार आंबोलीच्या एका शेडमध्ये लाकडी दारांना लॅकर मारण्याचं काम चाललं होतं. बाहेर मुळशीचा पाऊस, आत थिनरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. फवारा मारून दोन मिनिटंही झाली नसतील, तोच चकचकीत दारावर दुधासारखा पांढरा पडदा चढला. रंगारीकाकांनी हात थांबवला. म्हणाले, "बघा साहेब, ढग खाली उतरला की हे असं पांढरं पडतं. आता यात सावकाश सुकणारं थिनर घालावं लागणार." त्यांनी दुसऱ्या डब्यातलं थोडं ओतलं, ढवळलं, पुन्हा फवारलं. पडदा गेला.

त्या डब्यांवर कुठेही उत्कलनबिंदू लिहिलेला नव्हता. पण काका जे करत होते ते सगळं उत्कलनबिंदूंचंच गणित होतं. पहिल्या थिनरमध्ये अ‍ॅसिटोनसारखं हलकं द्रावक जास्त. ते ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून साध्या हवेतही भराभरा उडतं. उडताना ते पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं आणि दार आजूबाजूच्या हवेपेक्षा गार पडतं. दमट हवेतलं पाणी त्या गार पृष्ठभागावर जमतं, आणि पाणी लागलं की लॅकरमधलं नायट्रोसेल्युलोज साक्यासारखं वेगळं होऊन पांढरं दिसतं. दुसऱ्या डब्यात ब्युटिल अ‍ॅसिटेटसारखं जड द्रावक. त्याचा उत्कलनबिंदू १२६. ते रेंगाळतं, दाराला गारठवत नाही, आणि पाणी निघून गेल्यावर मगच स्वतः जातं.

गावाच्या नावात कासार आहे, हेही मला त्या दिवशी सारखं आठवत होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण तांबं वितळतं १०८५ अंशांना आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. तांबं पातळ होईपर्यंत जस्त भट्टीतून निघून गेलेलं असतं. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताची माती आणि कोळसा बंद मुशीत एकत्र तापवत. जस्ताची वाफ बाहेर पडण्याआधी तांबं तिला शोषून घेई. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला तर ही वाफ मातीच्या मुशींतून खाली उतरवून थंड करत आणि शुद्ध जस्त काढत. कोणता पदार्थ कोणत्या धगीला पळतो, हे ज्ञान आपल्याकडे पुस्तकात येण्याआधी हातात होतं. मात्र या लेखाचा विषय आहे द्रावकं आणि एस्टर, आणि त्यांचा महाराष्ट्रातला इतिहास सुरू होतो तो एका युद्धात, नाशिकला.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश तोफा-बंदुका कॉर्डाइटवर चालत होत्या. मूळ कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन असे. नायट्रोग्लिसरीन हे तेल, गनकॉटन हा कापूस. दोन्ही एकजीव करायचे तर दोघांनाही सामावून घेणारं द्रावक हवं, आणि काम झाल्यावर त्यानं मागे काही न ठेवता निघून जायला हवं. हे दोन्ही गुण अ‍ॅसिटोनमध्ये होते. त्यात मळून कणीक करायची, साच्यातून दोऱ्यांसारखी काढायची आणि मंद उष्णतेवर वाळवायची. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळपासही जावं लागत नाही, आणि स्फोटकांच्या कारखान्यात ही फार मोठी गोष्ट आहे. हिंदुस्थानात हे काम निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कॉर्डाइट कारखान्यात होत असे.

अ‍ॅसिटोन तोवर लाकडापासून मिळे. लाकूड बंद भट्टीत तापवायचं, निघालेलं आम्ल चुन्यात धरायचं आणि तो क्षार पुन्हा तापवायचा. एक टन अ‍ॅसिटोनसाठी ऐंशी ते शंभर टन लाकूड लागे. ब्रिटनकडे एवढी जंगलं नव्हती. माल बाहेरून यायचा. १९१५ मध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा पडला तेव्हा मँचेस्टरच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ चाइम वाइझमन यांची पद्धत सरकारनं उचलून धरली. त्यांना एक जिवाणू सापडला होता. मका, तांदूळ असं पिठूळ धान्य शिजवून त्यात हा जिवाणू सोडला की तो अ‍ॅसिटोन, ब्युटॅनॉल आणि थोडं साधं अल्कोहोल तयार करतो. प्रमाण ढोबळमानानं तीन भाग अ‍ॅसिटोन, सहा भाग ब्युटॅनॉल, एक भाग अल्कोहोल.

मँचेस्टरचेच दुसरे एक गृहस्थ, गिल्बर्ट फाउलर, १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. आज जगभर सांडपाणी शुद्ध करण्याची जी मुख्य पद्धत आहे, तिच्या जन्माशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सांडपाण्यातल्या जिवाणूंची चांगली ओळख असलेल्या माणसाला आंबवण्याचं रसायन नवं नव्हतं. १९१७ मध्ये थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड स्थापन झालं आणि परदेशी मालावरचं अवलंबन तोडण्याची निकड आली. धान्य महाग, माणसांच्या तोंडचं. फाउलर यांनी शोध घेतला तो मोहाच्या फुलांचा. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, फुलं जंगलात आपोआप पडतात, आणि पेरणी-नांगरणीचा खर्च नाही. बंगळूरला प्रयोग झाले आणि सरकारनं अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारायला घेतला तो नाशिकला.

या ठिकाणी जरा थांबायला हवं, कारण या फुलाशी सरकारचं वागणं काय होतं ते लक्षात घेतल्याशिवाय या घटनेचं वजन कळत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या घरगुती भट्ट्या बंद पाडल्या आणि दारू गाळणं मोठ्या, सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांकडे नेलं. नाशिक हे त्यातलं एक केंद्र झालं. पुढे १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या वारल्यांना, ठाकरांना, कातकऱ्यांना आपल्याच झाडाची फुलं मनाप्रमाणे जमवता-साठवता येईनात. ज्यांच्या लेखी मोह म्हणजे दुष्काळातलं अन्न, देवाचा नैवेद्य आणि लग्नाची दारू, त्यांच्या टोपलीवर शिपायाची नजर बसली. आणि पंचवीस वर्षांनी त्याच सरकारला ती फुलं साम्राज्याच्या तोफांसाठी हवी झाली. फूल तेच, साखर तीच. बदललं होतं ते आंबवणारं सूक्ष्म बीज आणि ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातला अंश. यीस्ट घातलं तर ७८ अंशांना दारू निघते, वाइझमनचा जिवाणू घातला तर ५६ अंशांना अ‍ॅसिटोन. पहिल्यासाठी कातकऱ्याला दंड होता, दुसऱ्यासाठी कारखान्याला तिजोरी मोकळी होती. हा अन्याय आहे, आणि तो तसाच नोंदला पाहिजे.

असा कारखाना चालतो कसा? आंबलेल्या रसात द्रावकं जेमतेम दोन टक्के, बाकी पाणी. मोठ्या स्तंभात वाफ वर चढते, थाळ्यागणिक थोडी थंड होते, पुन्हा उकळते. वरच्या टोकाला ५६ अंशांच्या आसपास अ‍ॅसिटोन पोचतं, त्याखाली ७८ चं अल्कोहोल, आणि ११८ अंशांचं ब्युटॅनॉल सगळ्यात मागे. ब्युटॅनॉल एकटं येत नाही, पाण्याला सोबत घेऊन येतं. मात्र थंड झाल्यावर दोघांचे आपसूक दोन थर पडतात, वर ब्युटॅनॉल, खाली पाणी. भांडं तिरकं करून वेगळं करता यावं इतकं सोपं. पुस्तकातले सगळे आकडे समुद्रसपाटीचे असतात. नाशिक काय, आपली मुळशी काय, साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर. इथे पाणीच ९८ अंशांना उकळतं, मग अ‍ॅसिटोनही दोनेक अंश आधी. स्तंभावरचा माणूस तापमापकाकडे बघत असतो तेव्हा त्याला हवेचा दाबही मनात धरावा लागतो.

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबलं, आणि ज्या मागणीसाठी ही सगळी धावपळ चालली होती ती मागणीच संपली. हिंदुस्थानच्या औद्योगिक इतिहासात नाशिकच्या या कारखान्याला फार तर दोन ओळी मिळतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. जंगलातल्या फुलापासून द्रावक काढण्याची कल्पना इथे कारखान्याच्या पातळीवर नेली गेली, आणि तीही इतक्या आधी.

त्याच वर्षांत, त्याच नाशकात, द्रावकांचा आणखी एक उद्योग चालला होता. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवून झाल्यावर दादासाहेब फाळके नाशिकला आले होते. १९१७ चा 'लंकादहन' त्यांचाच, आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी तिथेच उभी राहिली. तेव्हाची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. म्हणजे कॉर्डाइटमधल्या गनकॉटनची सख्खी, थोडी सौम्य बहीण. सरस्वतीबाई फाळके यांनी रसायनं कालवण्यापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत आणि संकलनापर्यंतची कामं शिकून घेतली होती. फिल्मचे दोन तुकडे जोडायचे तर एका टोकावरचा चित्राचा थर खरवडायचा, ब्रशनं फिल्म सिमेंट लावायचं, दुसरं टोक वर दाबून धरायचं. त्या काळच्या फिल्म सिमेंटमध्ये अ‍ॅसिटोन, अ‍ॅमिल अ‍ॅसिटेट अशी द्रावकं असत. ते दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग विरघळवतं आणि निघून जातं. मागे उरतो तो एकच सलग पट्टा. इथे डिंक नसतो, चिकटवणारं काही शिल्लकच राहत नाही. अ‍ॅमिल अ‍ॅसिटेटला पिकल्या केळ्याचा वास येतो, आणि ते सुमारे १४२ अंशांना उकळतं, म्हणून वास खोलीत बराच वेळ दरवळतो. पडद्यावर लंका जळत होती तिच्या मागे, जोडणीच्या टेबलाशी, वास केळ्याचा असणार.

नाशिकला काय किंवा अमेरिकेत काय, या जिवाणूच्या पद्धतीत एक अडचण कायम होती: हवं ते अ‍ॅसिटोन एक हिस्सा, नको ते ब्युटॅनॉल दोन हिस्से. युद्धकाळात हे ब्युटॅनॉल पिंपांत साठत गेलं. ते व्हिनेगारच्या आम्लाबरोबर तापवलं की ब्युटिल अ‍ॅसिटेट होतं, आणि ते नायट्रोसेल्युलोज सुरेख विरघळवतं, सावकाश सुकतं. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचा 'ड्युको' हा मोटारींचा लॅकर आला. आधी गाडी रंगवून सुकायला आठवडे लागत. आता तास लागू लागले. आजही मराठी रंगारी फवाऱ्याच्या कोणत्याही चकचकीत रंगाला 'ड्युको पेंट' म्हणतात. कासार आंबोलीच्या त्या दुसऱ्या डब्यात जे होतं, ते युद्धातल्या नको असलेल्या मालाचं वंशज आहे.

आता एस्टरबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गंमत तिथे आहे. १७५९ मध्ये लोरागे नावाच्या फ्रेंच सरदारानं अल्कोहोल आणि व्हिनेगारचं आम्ल एकत्र उकळून एक सुवासिक द्रव मिळवला. ते आपलं इथाइल अ‍ॅसिटेट. 'एस्टर' हे नाव १८४८ मध्ये लेओपोल्ड ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. आता आकडे बघा. व्हिनेगारचं शुद्ध आम्ल, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, ११८ अंशांना उकळतं. अल्कोहोल ७८ ला. दोघं मिळून मोठा, जड रेणू तयार झाला. तर तो आणखी वर उकळायला हवा. पण इथाइल अ‍ॅसिटेट उकळतं ७७ ला. आम्लाचे आणि अल्कोहोलचे रेणू हायड्रोजनच्या बंधानं एकमेकांचे हात धरून बसलेले असतात, त्यांना सोडवायला उष्णता लागते. एस्टर बनताना हात धरणारा तो हायड्रोजनच पाण्याबरोबर निघून जातो. मग रेणू जड असूनही मोकळा. याहून स्पष्ट उदाहरण हवं असेल तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि मिथाइल फॉर्मेट हे एस्टर शेजारी ठेवा. दोघांत दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, अणू न अणू सारखा. एक उकळतं ११८ ला, दुसरं ३२ ला. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी ते दुसरं नुसतं बशीत ठेवलं तरी उकळेल.

हेर्मान कोप यांनी १८४२ पासून असे आकडे पद्धतशीर मांडायला घेतले. एका कुळातल्या पदार्थात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढले की उत्कलनबिंदू सुमारे १९ अंशांनी चढतो, असा त्यांचा निष्कर्ष. मिथाइल अ‍ॅसिटेट ५७, इथाइल ७७, प्रोपिल १०२, ब्युटिल १२६. नेम तंतोतंत लागत नाही, पायऱ्या लहानमोठ्या आहेत. पण जिना आहे हे त्या माणसानं ओळखलं.

एस्टर करणं सोपं, सुटं करणं कठीण. आम्ल आणि अल्कोहोल सारख्या मापात घेतले तर प्रक्रिया दोन तृतीयांशावर येऊन अडते, हे बर्तलो आणि पेआँ द सेंट-जील यांनी १८६२ मध्ये दाखवलं. एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये तीव्र आम्लाचा थोडा हात लावून ती वेगानं घडवण्याची रीत घालून दिली, पण तोल तोच राहतो. तो पुढे ढकलायचा तर एस्टर झाल्या झाल्या उकळून बाहेर काढायचं. इथे आणखी एक पेच. एस्टर ७७ ला, अल्कोहोल ७८ ला. एका अंशाचं अंतर. शिवाय एस्टर, अल्कोहोल आणि पाणी तिघं हातात हात घालून ७०.२ अंशांनाच वर येतात, ८२.६ टक्के एस्टर, ८.४ टक्के अल्कोहोल, ९ टक्के पाणी, याच मापात. कितीही वेळा गाळा, माप बदलत नाही. अशा मिश्रणाला अझिओट्रोप म्हणतात. उपाय असा की या मिश्रणात आणखी पाणी घालायचं. अल्कोहोल पाण्याकडे जातं, एस्टर हलकं म्हणून वर तरंगतं, आणि मग त्याला पुन्हा स्तंभात वाळवायचं. ओलं झालेलं वाळवण्यासाठी आधी आणखी ओलं करायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

महाराष्ट्रात एस्टरचा हा उद्योग मोहावर नाही, उसावर उभा राहिला. १९३२ मध्ये साखरेला संरक्षण मिळालं, कारखाने वाढले, आणि काळी, चिकट मळी साचू लागली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी गाळप सुरू झालं आणि पुढच्या दशकांत मळीचा पूरच आला. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं. पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू होता. अल्कोहोल म्हणजे परवाने, कुलपं, अबकारीचे निरीक्षक. अल्कोहोलचं एस्टर झालं की ते पिता येत नाही, नशेची भीती उरत नाही. गोदावरी खोऱ्यातल्या साकरवाडीला, नीरेकाठी निंबूतला आणि पुढे महाडला इथाइल अ‍ॅसिटेट होऊ लागलं. अल्कोहोलचा एक भाग हवेनं जाळून, म्हणजे ऑक्सिजन देऊन, त्याचंच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड करायचं आणि उरलेल्या भागाशी ते जोडायचं. एस्टरचे दोन्ही हात उसाचे. औषधं, छपाईची शाई, चकचकीत पाकिटं, नखांचं पॉलिश, सगळीकडे हा द्रव आहे.

कायदा मात्र त्या जुन्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला: हे अल्कोहोल दारू की कच्चा माल? १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार नाही असं म्हटलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं, आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं, तो निर्णय फिरवला. १८९२ च्या मोहकायद्यात जो वाद होता, तोच इथे वेगळ्या पोशाखात आहे.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, पिरंगुट ओलांडून कासार आंबोली येतं. तिकडे पाषाणला १९५० च्या ३ जानेवारीला नेहरूंनी उद्घाटन केलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. या रस्त्याच्या एका टोकाला उत्कलनबिंदू शंभराव्या भागापर्यंत मोजतात, दुसऱ्या टोकाला ते वासावरून ओळखतात. हे अंतर मला सलतं. २०२१ च्या ७ जूनला जवळच्या उरवडे गावातल्या एका कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. तिथली रसायनं वेगळी होती, द्रावकांचा तो कारखाना नव्हता. पण या पट्ट्यात काम करणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे ठाऊक असण्याची किंमत त्या दिवशी सगळ्यांना कळली.

उत्कलनबिंदूहून कामगाराला जास्त उपयोगाचा आकडा म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो, फ्लॅश पॉइंट. अ‍ॅसिटोनचा उणे २०, इथाइल अ‍ॅसिटेटचा उणे ४, अल्कोहोलचा १३, ब्युटिल अ‍ॅसिटेटचा २२. म्हणजे मुळशीतल्या कोणत्याही दिवशी, थंडीतल्या पहाटेही, पहिल्या दोघांचा उघडा डबा पेटायला तयारच असतो. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरकत शेडच्या कोपऱ्यातल्या स्विचबोर्डापर्यंत, चहाच्या स्टोव्हपर्यंत जाते. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं नसतं. नाक काही वेळानं मरतं.

१९८७ च्या दुरुस्तीनं कारखाने कायद्यात आलेल्या ४१-ब या कलमानं धोक्याची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक केलं. ती माहितीपत्रकं असतातही, फाइलमध्ये, इंग्रजीत. कासार आंबोलीच्या त्या शेडमधल्या दोन्ही डब्यांवरही इंग्रजीच होतं, बारीक अक्षरात. मुळशीतल्या, महाडच्या, रांजणगावच्या, कुरकुंभच्या कारखानदारांना माझी विनंती आहे: प्रत्येक पिंपावर आणि प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव, उत्कलनबिंदू आणि फ्लॅश पॉइंट मराठीत, मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. रंगारी तुमच्या शेडमध्येच उभा आहे.